‘आई, ह्याला आता परत देऊन ये’

पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं मुख्य तेवढं देते:

“ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा पाच आठवड्यांचा. बाळ पोटात होतं तेव्हा हीच रोज पोटाची पापी घ्यायची, मी ताई होणार म्हणून दिसेल त्याला सांगत सुटायची. आता रोज विचारते ह्याला परत कधी देऊन येणार. रात्री अंथरूण ओलं करायची बंद झाली होती ते परत सुरू झालंय, हाताने जेवत नाही भरवच म्हणते, बोबडं बोलते, आणि मी पाजायला बसले की हिला नेमकी तेव्हाच शी येते. माझं सिझर झालंय, जड उचलायचं नाही सांगितलंय आणि हिला कडेवरच यायचं असतं. मागच्या आठवड्यात तिने बाळाच्या पायाला जोरात चिमटा काढला आणि मी तिला मारलं, आयुष्यात पहिल्यांदा. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलीय. नवरा कामावर जायला लागला, घरी आला की तिला सांभाळतो. तिला दोन महिने माझ्या आईकडे पाठवू का? तिचं काही बिघडलंय का? आणि खरं सांगू, बाळ रडलं तर मला काही वाटत नाही, पण ही रडायला लागली की डोकंच फिरतं. मला माझ्याच मुलीचा राग येतो ह्याची भीती वाटते. हे कधी संपणार?”

अगं, वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील म्हणून सरळ अगं-तुगंच करते, चालवून घे.

रागापासूनच सुरुवात करते, कारण ते वाक्य तू अगदी शेवटी आणि घाईघाईत लिहिलंयस पण पत्र खरं त्याच्यासाठीच लिहिलंयस असं मला वाटलं. दुसरं बाळ झालेल्या बायका हे कुणाला सांगत नाहीत पण जवळजवळ प्रत्येकीला कमीजास्त होतं. दोन-चार दिवस दवाखान्यात तू एवढीशी बोटं, एवढेसे पाय बघत असतेस आणि घरी येऊन मोठीचा हात हातात घेतलास की एकदम दचकायला होतं, केवढा मोठा हात आहे हिचा, केवढं मोठं डोकं. ती तेवढीच आहे गं. चार दिवसांत काही वाढली नाही. पण आपल्या डोळ्यांना ती मोठी दिसायला लागते आणि मग आपण नकळत तिच्याकडून मोठ्या माणसाच्या अपेक्षा करायला लागतो, की हिला कळायला नको का, ही मुद्दाम करते, आत्ताच हिला शी यायची होती का. बाळ रडलं की तुला वाटतं त्याला गरज आहे आणि ही रडली की वाटतं नाटक आहे. राग तिथून येतोय. तुझं तिच्यावरचं प्रेम कमी झालेलं नाही आणि तू वाईट आई वगैरे तर अजिबात नाहीस. चार वर्षांचं मूल हे लहान मूलच असतं, आता घरात दोन लहान मुलं आहेत एवढाच बदल झालाय. मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं ह्याच्यातूनच निघतं.

आता तिला आईकडे पाठवायचं का, तर नको. तुझी आई कितीही प्रेमळ असू दे आणि हिला आजी कितीही आवडत असू दे, तरी नको. आत्ता तिच्या मनात एकच भीती आहे की हा आला आणि माझी जागा गेली, आणि त्याच वेळी तिची बॅग भरून तिला दुसऱ्या घरी सोडून आलीस तर तिला वाटत होतं ते खरं ठरलं ना. ती परत देऊन ये म्हणत होती बाळाला आणि दिलं कुणाला तर तिलाच! त्यापेक्षा शक्य असेल तर तुझ्या आईलाच थोडे दिवस तुझ्याकडे बोलाव, किंवा आजीबरोबर दिवसभर मजा करून रात्री झोपायला घरी, असं कर. झोपायला मात्र घरीच.

तिचं काही बिघडलंय का, तर हेही नाही. अंथरूण ओलं होणं, बोबडं बोलणं, भरव म्हणणं, रात्री उठणं, चिकटून बसणं हे सगळं भावंड आल्यावर इतकं सर्रास होतं की नसतं झालं तरच मी दोनदा विचारलं असतं की ती गप्प गप्प तर नाही ना. तिने घरात बघितलं की ज्याला बोलता येत नाही, जो अंगावर शी-शू करतो, ज्याला हाताने जेवता येत नाही त्याला आई दिवसभर मांडीवर घेऊन बसते. मग तिने तिचा हिशोब लावला. हुशार मुलगी आहे. रात्रीच्या अंथरुणाबद्दल म्हणशील तर डॉक्टरसुद्धा पाच वर्षांच्या आत त्याला आजार मानत नाहीत, तेव्हा गादीवर एक प्लॅस्टिकचं अस्तर टाक, सकाळी चादर बदल आणि त्यावर एक अक्षर बोलू नकोस, आणि मुख्य म्हणजे पाहुण्यांसमोर कुणालाही बोलू देऊ नकोस. हां, शू करताना जळजळ होते म्हणत असेल, ताप असेल, सारखी तहान लागत असेल किंवा शी खडा होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव, बद्धकोष्ठतेनेसुद्धा अंथरूण ओलं होतं हे पुष्कळांना माहीत नसतं.

भरव म्हणाली तर भरव. खरंच भरव. बोबडं बोलली तर हसू नको, रागावू नको, तू नेहमीसारखं उत्तर दे. मधूनच म्हणायचं चल आज तू माझं बाळ, ये मांडीवर, तिला दुपट्यात गुंडाळायचं, अंगाई म्हणायची, पायाची बोटं मोजायची. लाड केले की सवय लागेल असं सासूबाई म्हणतील पण उलटच होतं, पोट भरलं की मुलं स्वतःच उठून पळतात कारण बाळ होऊन पडून राहणं चार वर्षांच्या मुलाला फार वेळ जमतच नाही.

आता पाजायच्या वेळेचं बघू कारण तुझ्या घरातलं निम्मं भांडण मला तिथेच दिसतंय. एवढं लहान बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी चार ते सहा तास होतात, म्हणजे रोज एवढा वेळ तुझी मांडी, तुझे दोन्ही हात आणि तुझं लक्ष तिच्यासाठी बंद. हे चार वर्षांच्या मुलीने मुकाट्याने सोसावं असं कुठल्या आधारावर म्हणायचं? आणि ते शी येणं, ते अगदी खरं असतं बरं का, तिलाही माहीत नसतं ती का येते, पण आई उठते हे तिला कळलेलं असतं. तर पाजायला बसायच्या आधी पाच मिनिटं तिची तयारी कर. बाळ कुरकुरायला लागलं, तोंड वळवायला लागलं, मुठी चोखायला लागलं की ही खूण समज, ते जोरात रडेपर्यंत थांबू नकोस. आधी हिला बाथरूमला नेऊन आण, हिचं पाणी, काहीतरी खायला जवळ ठेव, आणि एक पिशवी नाहीतर डबा कर ज्यात दोन-तीन गोष्टीची पुस्तकं, स्टिकर, रंग, काय तिला आवडत असेल ते, आणि तो डबा फक्त पाजायच्या वेळेला उघडायचा, एरवी कपाटात. बसताना अशी बस की तुझ्या एका बाजूला तिला टेकून बसता येईल. एका हाताने पुस्तक धरता येतं, सुरुवातीला जमणार नाही पण आठवड्याभरात जमतं. दहातल्या चार वेळा जरी हे साधलं तरी पुष्कळ झालं, उरलेल्या वेळा ती रडेल, तू वैतागशील, चालायचंच.

कडेवर घेण्याचं दुखणं मला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या बाजूने बघ ना. आई एक दिवस दवाखान्यात गेली आणि परत आली तेव्हापासून तिने मला उचलून घेणंच बंद केलं, पण त्याला घेते. टाके वगैरे तिला काय कळणार? तेव्हा तिला स्पष्ट सांग की आईच्या पोटाला बाऊ झालाय, डॉक्टरांनी तुझ्याएवढं जड उचलायला मनाई केलीय, तुला उचलायला मलाही आवडतं, बरं वाटलं की उचलणार आहे. दोष बाळाचा नाही, तिचाही नाही, पोटाच्या जखमेचा. आणि उचलू नको म्हणजे जवळ घेऊ नको असं नाही, तू पलंगावर बस, पोटावर उशी ठेव आणि तिला शेजारून चढून येऊ दे. साधारण सहा आठवड्यांनी तपासायला जाशीलच तेव्हा आठवणीने विचार की मोठीला कधीपासून उचलू, हा प्रश्न बायका विचारायचा विसरतात.

चिमट्याचं. परत काढेल असं धरूनच चल. त्या क्षणाला पहिलं काम तिचा हात धरणं, दुसरं बाळाला उचलणं, आणि शांतपणे, लहान वाक्यात, ‘त्याला दुखतं. मी असं करू देणार नाही.’ संपलं. भाषण नको, अशी कशी गं तू दुष्ट नको, आणि लगेच सॉरी म्हण पापी घे हेही नको, रागावलेल्या मुलाकडून पापी घ्यायला लावणं मला तरी फार विचित्र वाटतं. नंतर, दोघी निवांत असताना, तिच्या मनातलं तूच बोलून दाखव, ‘सारखा रडतो ना हा, कंटाळा येतो ना, मलापण येतो कधीकधी.’ ती परत देऊन ये म्हणाली तर ‘असं नाही बोलायचं, तुझा भाऊ आहे तो’ असं म्हणू नकोस. तिला भाऊ आवडायलाच पाहिजे असा नियम करू नकोस, आज तर नाहीच. म्हण, ‘तुला वाटतं ना तो नसता तर बरं झालं असतं, पूर्वीसारखं तू आणि मी.’ मग ती रडेल. रडू दे, तेच बाहेर पडायला हवंय, आत राहिलं की बोटातून निघतं. तोडायची सक्त मनाई फक्त एकाच नियमाला, की त्याला दुखवायचं नाही.

आणि ह्याच्यात एक गोष्ट पक्की, दोघांना खोलीत एकटं सोडायचं नाही, दार वाजलं तरी नाही, दूध उतू जात असलं तरी नाही. रागाने करेल म्हणूनच असं नाही, मुलं प्रेमानेसुद्धा बाळाच्या अंगावर पालथी पडतात, तोंडावर पांघरूण ओढतात, तोंडात खाऊ घालायला जातात. टाळूवर मऊ भाग असतो तो तिला दाखव, इथे दाबायचं नाही म्हणून सांग, आणि हात लावायला पाय दे, पाय ही ताईची जागा. नर्सरीतून आली की आधी हात धुणं, आणि पापी पायाची, तोंडाची नाही, कारण नर्सरीतली सर्दी तिची आपोआप बरी होते पण एवढ्या लहान बाळाला ती जड जाऊ शकते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर, रात्र असली तरी.

तू मारलंस त्याबद्दल. तिला सांगून टाक, ‘त्या दिवशी मी तुला मारलं ते चुकलं, मी खूप दमले होते, पण मारायला नको होतं.’ एवढंच, मग तो विषय तूही सोड. लहानाला मारू नको हे शिकवताना मोठ्याने लहानाला मारलं तर मूल काय शिकतं हे तुला मी सांगायला नको.

अजून एक साधी गोष्ट, दिवसभर तुझ्या तोंडून काय जातं ते एकदा ऐक. ‘हळू, बाळ झोपलंय.’ ‘थांब, बाळाचं आवरू दे.’ ‘आत्ता बाहेर नाही, बाळ आहे ना.’ प्रत्येक नाही बाळाच्या नावावर. त्याऐवजी ‘माझे हात अडकलेत, हे झालं की येते’ म्हण, आणि येते म्हणालीस तर जा. आणि कधीतरी हे उलटं ऐकू दे तिला, बाळ जरा कुरकुरत असलं, खरं रडत नसलं तर मुद्दाम मोठ्याने, ‘थांब रे बाळा, ताईची वेणी घालून होऊ दे मग तुझ्याकडे येते.’ बाळाला काही फरक पडत नाही, वेणी होईपर्यंत ते छताकडे बघत पडेल. पण तिचा चेहरा बघ तेव्हा.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल दोन शब्द. तो घरी आला की तिला सांभाळतो असं तू लिहिलंस. चांगला माणूस आहे, पण सगळ्या घरात हेच होतं बघ, बाळ आईकडे आणि मोठं बाबाकडे अशी वाटणी होऊन जाते, आणि मग मोठीला बाबा मिळतो पण आई जातेच. तिला आई पाहिजे आहे. तेव्हा संध्याकाळी बाळाचं पोट भरलं की ढेकर काढणं, डायपर, खांद्यावर घेऊन फिरवणं त्याच्याकडे, आणि तू मोठीबरोबर दार लावून बस, पंधरा मिनिटं. रोज. मोबाईल दुसऱ्या खोलीत. खेळ ती ठरवेल, तू शिकवायचं नाही, आकडे-अक्षरं काही काढायची नाहीत. त्या वेळेला तिने ठेवलेलं नाव द्या. बाहेर बाळ रडलं तरी तू उठायचं नाही, बाबा बघेल, आणि तू उठली नाहीस हे तिला दिसलं ह्याची किंमत त्या पंधरा मिनिटांपेक्षा जास्त आहे. रडणाऱ्या बाळाला बाबाच्या खांद्यावर काही होत नाही.

सासूबाईंशी तू वाद घालू नकोस, तुझ्यात आत्ता तेवढी ताकद नाही, त्यांच्याशी त्यांच्या मुलाने बोलावं. लाडावलीय वगैरे त्यांना मनात ठेवू दे पण तिच्यासमोर नको, आणि ‘आता तुझे लाड बंद’ ही जी गंमत म्हणून मोठी माणसं करतात ना ती तर कुणालाच करू देऊ नका, चार वर्षांच्या मुलाला ती गंमत वाटत नाही. उलट सासूबाईंना सांगा की बाळाला न्हाऊ-माखू घालायला तुमचा हात आहेच, पण मोठीला गोष्ट फक्त आजीच सांगते, तिला तुम्ही हव्या आहात. पाहुण्यांना दारातच सांगायचं की आधी तिच्याशी बोला. तिलाच विचारायचं, दाखवतेस का बाळ? नाही म्हणाली तर नाही.

आणि डायपर आण, पावडर आण, पाळणा हलव, हे तिला आवडत असेल तरच. ताई झाली म्हणून ती कामाला लागली नाही.

पण दोघांची ओळख करून द्यायला मात्र आत्ता चांगली वेळ आहे. एवढ्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे तू पाजताना तुझा चेहरा जेवढा लांब असतो तेवढंच. तिला सांग चेहरा तेवढ्या अंतरावर आण आणि गप्प थांब, तो बघेल तुझ्याकडे. त्याच्या तळहातावर तिचं बोट ठेव, तो घट्ट पकडेल, आता ती पकड आपोआप होणारी असते हे तुला माहीत असू दे, तिला सांगायची गरज नाही. तिने पोटाशी तोंड लावून गप्पा मारल्या त्या त्याने ऐकल्यात, शेवटच्या महिन्यांत बाळाला बाहेरचे आवाज ऐकू जातात, तेव्हा तिचा आवाज त्याच्या कानावरचा आहे हे सांगायला हरकत नाही. आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यात बाळं माणसांकडे बघून खरंखुरं हसायला लागतात, म्हणजे तुझ्या घरी ते आता कधीही होईल. ते हसू मिळवायला तिला पुढे बसव. आत्तापर्यंत हा नुसता रडणारा गोळा होता, हसला की तो तिच्यासाठी माणूस होतो.

आता तुझं. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, चिडचिड होणं हे नेहमीचं, आपोआप ओसरतं. तुला पाच आठवडे झालेत. म्हणून विचारते, बाळ झोपलं असतानाही तुला झोप लागत नाही असं होतं का? कशातच मन लागत नाही, सारखं वाटतं मी कशालाच लायक नाही, भूक गेलीय, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे बाळंत झालेल्या बायकांपैकी जवळपास १३ टक्के जणींना मानसिक त्रास होतो, बहुतेक वेळा नैराश्य, आणि ते फक्त रडण्यातून दिसतं असं नाही, रागातूनही दिसतं. त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधंही आहेत. ते कमकुवतपणाचं लक्षण नाही आणि नुसत्या सहनशक्तीने जात नाही. स्वतःला किंवा मुलांना काही करावंसं वाटलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला नवऱ्याला सांगून डॉक्टरकडे. आणि एखाद्या रात्री हात शिवशिवायला लागले तर बाळाला पाठीवर उताणं पाळण्यात ठेव, मोठीला त्याच्याजवळ सोडू नकोस, दुसऱ्या खोलीत बसव, आणि तू दाराबाहेर पाच मिनिटं उभी राहा. सुरक्षित पाळण्यात पाच मिनिटं रडून बाळाला काही होत नाही, गदागदा हलवल्याने मात्र मेंदूला इजा होते.

कधी संपणार विचारलंस. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं, म्हणजे तू आत्ता अगदी चढावर आहेस. मोठीचं अंथरूण, बोबडं बोलणं ह्याला काही आठवडे ते काही महिने धर, एक दिवस बरं एक दिवस वाईट असं करत करत कमी होईल. आणि मग तुला वाटेल झालं सगळं सुरळीत, तेव्हा हा रांगायला लागेल आणि हिच्या वस्तूंना हात घालेल, तेव्हा पुन्हा एक फेरी होईल. त्यासाठी आत्तापासूनच एक कप्पा तिच्या नावाचा कर, तिचा हात पोचेल आणि त्याचा पोचणार नाही एवढा उंच, आणि त्यातलं काही बाळाला द्यायचं असेल तर तिला विचारल्याशिवाय नाही.

सहा आठवड्यांच्या तपासणीला नवऱ्याला बरोबर ने, झोपेचं आणि रागाचं डॉक्टरांना तिथेच सांग, घरी येऊन सांगते म्हणू नकोस. आणि काय म्हणाले ते मला कळव.